चौसष्ट एमबी

बँकेच्या लिलावातून आणलेला कॉम्प्युटर,
दोन जीबी मेमरी, त्यातली अर्धी विंडोजच्या पोटात.
उरलेल्यात मी बुद्धिबळ बसवतेय
तीन वर्षं, रात्री दहानंतर,
जालन्याची लाइट जाईपर्यंत.

एका खेळीला तीस-पस्तीस उत्तरं,
त्या प्रत्येकाला पुन्हा तेवढीच.
सगळं बघायला बसलं तर जन्म पुरायचा नाही.
म्हणून पहिला धडा, काय बघायचं नाही याचा:
समोरच्याकडं एक जरी सणसणीत उत्तर निघालं
की ती फांदी सोडायची.
किती वाईट, ते मोजत बसायचं नाही.
वाईट आहे, बास.
आत्यानं माझ्यासाठी स्थळं अशीच बघितली:
घरात नळ नाही म्हटलं की पत्रिका मिटली.

गांधी चमनवरून या नाहीतर भोकरदन नाक्यावरून,
स्टेशन तेच.
आधी घोडा मग उंट, आधी उंट मग घोडा,
पट तोच.
मोजलेलं पुन्हा मोजू नये म्हणून तक्ता केला,
प्रत्येक पटाला एक आकडा, आकड्याला एक खोली.
आणि एका रात्री यंत्रानं
वजीर फुकट दिला, अगदी शांतपणे.
दोन वेगळ्या पटांचा आकडा एकच निघाला होता,
जसं एका बबन गाढेचं लाइटबिल
दुसऱ्या बबन गाढेच्या दारात.
सापडायला नऊ दिवस लागले.

मग तक्ता वाढवला. एकशे अठ्ठावीस. पाचशे बारा.
पाचशे बाराला हार्डडिस्क दळण दळायला लागली,
आठवायला इतका वेळ
की त्यात नव्यानं विचार करून झाला असता.
परत चौसष्टवर आले.
राहिला प्रश्न, खोली भरली की कुणाला उठवायचं.
आत्ता आलेल्याला जागा द्यावी
तर खोलवर पाहिलेलं पुसलं जातं.
खोल म्हणून जुनं धरून ठेवावं
तर त्या पटावर डाव परत येणारच नाही,
प्यादं कधी मागं आलंय?
शेवटी प्रत्येक खोलीत दोन खण केले.
एक खोलाचा, एक ताज्याचा.
तेवढ्यानं अर्धी खेळी पुढचं दिसायला लागलं.
अर्धीच. पण मी उठून चहा केला.

खैरुद्दीनचाचांचं मोटर रिवाइंडिंग कुंडलिकेच्या पुलाजवळ.
लाकडी पट त्यांच्याकडं, यंत्र माझ्याकडं, खेळ्या फोनवर.
त्यांनी उंट कोपऱ्यात कोंडला.
यंत्राला आठ खेळ्यांपुढचं दिसत नाही,
आणि उंट आठव्या खेळीला मरत होता.
तर त्यानं एक प्यादं पुढं फेकलं.
मरण नवव्या खेळीला गेलं, म्हणजे दिसेना,
म्हणजे नाही.
पडद्यावर आकडा, सगळं ठीक.
मग दुसरं प्यादं. मग तिसरं.
चाचा एकेक उचलत गेले, शेवटी उंटही.
म्हणाले, "बेटा, ये डरता नहीं, टालता है."

मी हसले. कॉलेजचं एक पाकीट
जूनपासून माझ्या खणात आहे, तासिकांबद्दलचं,
न फोडलेलं.

आता मारामारी चालू असताना मोजायचं नाही
असं शिकवतेय त्याला.
घेणं-देणं संपू दे, धुरळा बसू दे,
मग सांग कोण वर.
याला वेळ जातो. कुठं तरी खोली कमी करावी लागते.
किती, ते अजून ठरत नाही.

आज खेळी सांगायला फोन लावला.
चाचांनी उचलला आणि बाजूला ठेवला,
तांब्याची तार चालू होती हातात.
इक्यासी, बयासी, तिरासी...
फेरा चुकला तर मोटर जळते.
घोडा कुठं न्यायचा ते पडद्यावर तयार आहे.
मी फोन कानाला धरून बसलेय,
मधे बोलत नाही.